फरशीवरचे फुटाणे

आमच्या सरांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम एक काळा मोजा असायचा. एकच. लोकरीचा, जाडसर, पुरुषी पायाचा. त्याच्या जोडीदाराचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. कुणी नवा फोन घेतला, नवा कॅमेरा घेतला, की सर हात पुढे करून "द्या जरा" म्हणायचे. समोरचा बिचारा अभिनंदनाची वाट बघत असायचा, आणि हे त्याचं चकचकीत यंत्र मोज्यात घालून, मोज्यावरूनच बटण दाबून, आतल्या आत फोटो काढायचे. अंधाराचा फोटो. मग तो काळाकुट्ट फोटो दोन बोटांनी ताणून ताणून मोठा करायचे आणि पडद्याला नाक लावून बघायचे. "बाहेर काहीच नसताना हा स्वतःशी किती बडबडतो, ते आधी बघावं," असं त्यांचं म्हणणं. "माणसाचंही तसंच असतं."

एका सहकाऱ्याच्या गृहप्रवेशाला त्यांनी पूजा सांगणाऱ्या पंडितजींचा फोन मोज्यात घातला. पंडितजींना वाटलं, हा काहीतरी नजर उतरवण्याचा महाराष्ट्रीय प्रकार असणार. त्यांनी वरून दोन शब्द संस्कृतही पुटपुटले. सरांनी फोन परत केला आणि म्हणाले, "बहुत बोलता है." पंडितजी तिथून जेवून निघेपर्यंत गप्प होते.

नोएडात साठाच्या पुढच्या एका सेक्टरमध्ये आमची लहानशी कंपनी होती. गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवायचे कॅमेरे आम्ही बनवायचो. कुणी ठोकलं, कुणी कट मारला, कुणी उलट्या बाजूने अंगावर आलं, सगळं त्यात नोंदलं जातं. दिल्लीच्या रस्त्यांवर असल्या मालाला मरण नाही. चित्र कसं येतं हे तपासायचं काम सरांचं, आणि त्यांच्या हाताखाली मी. चित्र पास की नापास यावर त्यांची सही झाल्याशिवाय माल बाहेर पडत नसे.

आणि सर बसत नसत. त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर माझी पर्स असायची. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कॉरिडॉरमध्ये त्यांच्या शेजारून चालायचं. चहा ते एका टपरीवर घ्यायचे, सिगारेट दुसऱ्या टपरीपाशी, आणि गप्पा तिसरीकडे. कँटीनमध्ये डबासुद्धा उभ्यानेच, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. मीही काही फार शांत बाई नाही. लिफ्ट यायला वेळ लागला की जिन्याने निघते आणि दुसऱ्या मजल्यावर पस्तावते. त्यामुळे आमचं जमलं. आम्हा दोघांना एका खोलीत बघून इतरांना मात्र धाप लागायची.

मुलाखतीच्या दिवशीच त्यांनी मला फरशीवर बसवलं होतं. मी टेबलावरचा दिवा धक्क्याने पाडला आणि तोंडातून "अगं बाई!" निघून गेलं. हिंदीत चाललेली मुलाखत तिथल्या तिथे मराठीत आली. "कुठली तू?" म्हटलं, सरोजिनी नगर. बाबा मिनिस्ट्रीत आहेत, सगळं आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. "म्हणजे रोज सव्वा तास मेट्रोत बसून येणार? मला नाही जमायचं," ते म्हणाले आणि खिशातून फुटाण्यांची पुडी काढली. मला वाटलं, खायला देतायत. त्यांनी मूठभर फुटाणे धाडकन फरशीवर फेकले.

"बघ. प्रकाश असा येतो. पाण्यासारखा सलग येत नाही, दाण्यादाण्याने येतो, आणि दाणे काही नेम धरून पडत नाहीत. कॅमेऱ्यात जिथे प्रकाश पडतो तो सेन्सर म्हणजे ही जमीन. एक फरशी म्हणजे एक पिक्सेल. या फरशीवर किती पडले? आणि त्या शेजारचीवर? दोघींवर सारखेच पडायला हवे होते, पडलेत का? दुपारच्या उन्हात पोतंभर पडतात, तेव्हा दोन-चार इकडचे तिकडे झाले तर कुणाला कळतही नाही. तिन्हीसांजेला मूठभरच पडतात. मग एक फरशी उगाच उजळ, एक उगाच काळी. सगळं चित्र रवाळ होतं."

रवाळ हा शब्द मला माहीत नव्हता. घरी आईला विचारलं तर ती म्हणाली, तूप रवाळ असतं, चांगलं कढवलेलं. सरांच्या तोंडी मात्र ती शिवी होती. फोटोवर रेतीसारखे ठिपके आले, इंग्रजीत ज्याला नॉइज म्हणतात, की तो फोटो रवाळ. आणि त्यांचा सिद्धान्त असा होता की पिक्सेल वाढवले की रवा वाढतो. जमीन तेवढीच ठेवून फरशा बारीक केल्या, की एकेका फरशीच्या वाट्याला दाणे कमी येणार. म्हणजे दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा चांगला, आठचा वाईट. जग मात्र आठच्या मागे, पन्नासच्या मागे धावत होतं. एकटे सर उलट्या दिशेने उभे होते. उभे म्हणजे, फेऱ्या मारत होते.

या एका गोष्टीवरून त्यांनी तीन नोकऱ्या सोडल्या होत्या. ओखल्याची, मग मानेसरची, मग फरिदाबादची. प्रत्येक ठिकाणी मालकाला मोठा आकडा हवा असायचा, सर नाही म्हणायचे, आणि मग "तुम्ही ते घेतलंत तर मी गेलो," असं म्हणून खरंच जायचे. आता दिल्लीच्या आसपास नोकरी बदलणं म्हणजे गाव बदलण्यासारखंच आहे. मानेसर एका टोकाला, नोएडा दुसऱ्या. सरांना दोन तास एका डब्यात काढणं अशक्य, म्हणून ते दर वेळी घरच ऑफिसजवळ न्यायचे. घर गेलं की मुलीची शाळा जायची. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शाळेत शिकवायच्या, त्यांचीही नोकरी जायची.

हे मला काकूंनी सांगितलं. सरांनी एका रविवारी जेवायला बोलावलं होतं. ते स्वतः आमटी वाढून जे गॅलरीत गेले ते आलेच नाहीत. काकू ताटात भात वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "तुझं ऐकतात गं ते. एवढं कर. मार्चपर्यंत त्यांना तिथे टिकव. हिची बारावी आहे. बारावीत शाळा बदलता येत नाही, आणि हे निघाले की मी तिला घेऊन एकटी इथे राहू तरी कशी? हे आधी घर सोडतात, मग आम्हाला सांगतात."

मुलगी समोरच बसली होती. गणिताचं पुस्तक ताटाशेजारी उघडं. वर न बघता म्हणाली, "आई, दीदीला का टेन्शन देतेस? बाबा जाणारच. दर दोन वर्षांनी जातो. इट्स लाइक ऑलिम्पिक्स, फक्त लवकर येतं."

मी हसले. काकू हसल्या नाहीत. मला त्या घरात कसंतरीच व्हायला लागलं. स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी लावलेलं होतं, पण भिंतीवर एकही खिळा नव्हता. म्हटलं, काकू, मार्चपर्यंत मी बघते. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

नोव्हेंबरात डायरेक्टरने जाहीर केलं की नव्या मॉडेलात आठ मेगापिक्सेल. डायरेक्टर म्हणजे कंपनीचा मालकच. गोड बोलणारा, गोरापान माणूस, रागावला की जास्तच गोड बोलायचा. "सर जी, ग्राहक डिब्बे पर नंबर देखता है. अंधेरे का फोटो कौन देखता है?"

"मैं देखता हूँ," सर म्हणाले. "आठ लिया तो मैं गया."

झालं. मी कपाळाला हात लावला. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होणार, आणि यांनी नोव्हेंबरातच सामान बांधलं. सरांना गप्प बसवणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांचं म्हणणं पुराव्यानिशी डायरेक्टरच्या गळी उतरवावं, असं मी ठरवलं. दोन्ही सेन्सर एकाच आकाराचे होते, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. एकावर दोन मेगापिक्सेल, दुसऱ्यावर आठ. दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी लावून संध्याकाळी सर्व्हिस रोडचं चित्रण घेतलं. धुक्याचे दिवस, पाच वाजताच सगळं करडं. आठवाल्या चित्रात सर म्हणतात तसा रवाच रवा. मी खूश. आता डायरेक्टरच्या टेबलावर ठेवायला दोन्ही चित्रं एकाच मापाची छापून घ्यावीत म्हणून आठवालं आक्रसून दोनएवढं केलं, आणि रवा गेला. म्हणजे दोनवाल्यात होता तेवढाच उरला. कुठलं कुठलं ते ओळखता येईना.

मी पुन्हा करून बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग माझं डोकं फिरलं, कारण सगळं स्वच्छ दिसायला लागलं. आमच्या धंद्यात सगळ्यांना एक खोड असते. चित्र कधी अख्खं बघायचंच नाही. शंभर टक्क्यांवर मोठं करायचं, पिक्सेलला पिक्सेल भिडवायचा आणि कोपऱ्यातली सावली तपासायची. तसं बघितलं की आठवालं चित्र दोनवाल्यापेक्षा चौपट जागा खातं. चौपट मोठं करून बघितल्यावर दोष दिसणारच की. सर आयुष्यभर दोन वेगवेगळ्या अंतरांवरून दोन चित्रं बघत होते आणि त्यांची तुलना करत होते.

त्यांना कॉरिडॉरमध्येच गाठलं. "सर, मी दोन्ही एकाच मापाची करून बघितली. फरक दिसत नाही."

"शंभर टक्क्यांवर बघ."

"ते बघितलं. पण गाडीवाला काय पडद्याला नाक लावून बघणार आहे का?"

ते थबकले. थबकले म्हणजे खरंच पाय थांबले. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "तुलाही डायरेक्टरची हवा लागली का? ये इकडे." मला जवळजवळ ओढत ते बाथरूमबाहेरच्या बेसिनपाशी घेऊन गेले. ऑफिसात सगळीकडे मोठ्या फरशा, फक्त तिथे बारीक. खिशातून पुडी काढली, मूठ भरली आणि फेकली. "बघ! हिच्यावर दोन. हिच्यावर एक. हिच्यावर एकही नाही! आणि तू म्हणतेस फरक नाही?"

ते वाकले, बुटाच्या टोकाने चार फरशांभोवती, एका मोठ्या फरशीएवढा, हवेत एक चौकोन काढला, मग पुढच्या चार, मग त्याच्या पुढच्या. साफसफाईवाल्या ताई फडकं घेऊन मागे उभ्या होत्या, "फिर गिरा दिया सर ने" असं पुटपुटत. सर त्या फुटाण्यांकडे बघत राहिले.

"मूठ तीच होती," ते म्हणाले.

"हो सर."

"फरशा मोठ्या असोत नाहीतर बारीक. मूठ तीच." मग, "किती वर्षं मी हे फुटाणे फेकतोय गं?"

मला त्यांच्याकडे बघवेना. खाली बसून फुटाणे गोळा करायला लागले, तर ताईंनी मला हटकलं. सर एव्हाना चालायला लागले होते, पण नेहमीसारखे नाही. भिंतीच्या कडेकडेने.

तीन दिवस त्यांनी सगळं उलटसुलट करून बघितलं. मोजा काढला. मिट्ट अंधारात प्रत्येक पिक्सेलची स्वतःची थोडी बडबड असते, त्यामुळे पिक्सेल जास्त तर बडबड थोडी जास्त, तेवढा फरक सापडला. सापडल्यावर त्यांचा चेहरा उजळला, आणि मग त्यांनी तो फरक मोजला. "एवढ्यावर," ते म्हणाले, "नोकरी सोडता येत नाही." आणि सरळ डायरेक्टरच्या केबिनमध्ये जाऊन उभ्याउभ्या सांगून आले, मैं गलत था. डायरेक्टरने त्यांना मिठी मारली म्हणे. काकूंनी माझ्यासाठी डबाभर नारळाच्या वड्या पाठवल्या.

पण सरांचं एवढ्याने भागलं नाही. त्यांनी रजा टाकली आणि माफी मागायला निघाले. तिन्ही ठिकाणी. मी म्हटलं, सर, कुणाच्या लक्षातही नसेल. "माझ्या लक्षात आहे ना," ते म्हणाले. ओखल्याची कंपनी बंद होऊन तिथे जिम झाली होती. फरिदाबादच्या मालकाने भेट नाकारली. गेटवरच्या गार्डने विचारलं, किस काम से आए हैं? सर म्हणाले, माफी माँगनी है. गार्डने रजिस्टरमध्ये 'पर्सनल' लिहिलं. मग सरांनी त्या गार्डलाच सेन्सर, पिक्सेल, फुटाणे सगळं समजावलं आणि माफी त्याच्याकडे ठेवून आले. मानेसरला मात्र जुन्या साहेबांनी चहा पाजला. भांडण कशावरून झालं होतं ते त्यांना आठवेना. "छोड़िए सर. आपके जैसा आदमी दोबारा मिला ही नहीं. मन करे तो आ जाइए." सर हे सांगताना हसत होते, पण गाडी चुकलेल्या माणसासारखे. ज्या भांडणासाठी बायकोमुलीला घेऊन गावोगाव फिरले, ते समोरच्याच्या लक्षातही नव्हतं.

जानेवारीत नव्या मॉडेलचा नमुना आला. खोक्यावर मोठा आठ. सरांनी बाहेरचं कवच उघडलं, आत डोकावले आणि मला हाक मारली. आकडा आठच होता, पण सेन्सर बदलला होता. हरभऱ्याच्या जागी मुगाएवढा. स्वस्त मिळाला म्हणून डायरेक्टरने परस्पर तो घेतला होता. आठला सरांचा होकार मिळालेलाच होता, मग सांगायचं कशाला?

आम्ही संध्याकाळच्या धुक्यात एक्स्प्रेसवेवर गाडी काढली. पुढच्या ट्रकचा नंबर जुन्या कॅमेऱ्यात वाचता येत होता. नव्यात आकड्यांच्या जागी रवा. या वेळी सरांनी दोन्ही चित्रं आधी एका मापाची केली, मग बघितली, मग पुन्हा लहान करून बघितली. रवा जाईना. "जमीनच लहान केली," ते म्हणाले. "फरशांचा प्रश्न नाही. पडणारे दाणेच निम्म्याहून कमी झाले. हे लहान करून जाणार नाही, मोठं करून जाणार नाही."

आयुष्यभर चुकीच्या जागी लढलेल्या माणसाला शेवटी खरी जागा सापडली होती. आणि महिन्याभरावर मुलीची परीक्षा. मला सरांचा आनंद दिसत होता आणि मी मनात मार्चपर्यंतचे आठवडे मोजत होते.

डायरेक्टर गोड हसला. "सर जी, आप ही ने बोला था ना, आठ ठीक है?"

"आठ ठीक है. छोटा ठीक नहीं है. गाड़ी ठोक के कोई भागेगा तो नंबर नहीं आएगा. फिर ये लगाया किसलिए?"

"साइन कर दीजिए. अगले मॉडल में देख लेंगे."

सर केबिनमधून बाहेर आले आणि दिवसभर कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. सगळं ऑफिस त्यांच्याकडे चोरून बघत होतं. काकूंचा फोन आला. "काही बोलले का गं?" म्हटलं, अजून नाही. "बोलले तर मला आधी सांग. मुलीला मी सांगेन." त्यांचा आवाज इतका साधा होता की मला रडू आलं. पाचच्या सुमारास सर पुन्हा केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"साइन नहीं करूँगा," ते म्हणाले. "और जाऊँगा भी नहीं."

डायरेक्टरने काढून टाकलं असतं तर बरं, असं नंतर नंतर मला वाटायचं. त्याने तसं केलं नाही. चित्र पास असल्याचा अहवाल बाहेरून करून घेतला आणि सरांचं टेबल पॅकिंगच्या खोलीत हलवलं. काम दिलं खोकी तपासायचं. खोक्यावरचा आठ सरळ छापलाय ना, तिरका नाही ना. कॉरिडॉर वापरायचा नाही, जागेवर बसायचं. तसं कुणी लिहून दिलं नव्हतं, पण दारात सुपरवायझर बसवला होता.

आणि सर बसले. टेप ओढायच्या यंत्राच्या किंचाळण्यात, पुठ्ठ्याच्या धुळीत, तो माणूस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खुर्चीवर. गुडघा टेबलाखाली सारखा हलत असायचा, इतका की शेजारची खोकी थरथरायची. मी जेवणाच्या सुट्टीत जायचे, तेव्हा ते खोकं हातात धरून आठकडे बघत असायचे. एकदा मला राहवलं नाही. "सर, सोडा ना यार हे! किती सहन करायचं?"

"मार्च," ते म्हणाले, आणि पुढचं खोकं उचललं.

शेवटचा पेपर कॉम्प्युटर सायन्सचा. सरांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मला सोबत चल म्हणाले. एकटे असले तर गेटपाशी फेऱ्या मारत राहतील आणि गार्ड हाकलून देईल, अशी त्यांना भीती. काकू आधीच येऊन पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. उन्हं चटकायला लागली होती. दीडच्या सुमारास मुलं बाहेर पडली, आणि त्या गर्दीतून ती आली, पॅड डोक्यावर धरून.

"कसा गेला?"

"गेला." ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "आता सोडणार ना बाबा तू?"

सर इतके खूश झाले की मला त्यांचा हेवा वाटला. "उद्याच! तुझ्यासाठीच थांबलो होतो."

"माहितीये. आईने सांगितलं. थँक यू." तिने ते मनापासून म्हटलं. "मग आता कुठे?"

"मानेसर. जुने साहेब बोलावतायत. मोठा सेन्सर घेतो म्हणाले, कबूल करून घेतलंय मी. पुढच्या आठवड्यात घर बघून येऊ."

"मी नाही येणार."

आजूबाजूला मुलं उत्तरं जुळवत ओरडत होती. सरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. ते पुढे झुकले.

"तू जा बाबा. तू बरोबरच आहेस, मला माहितीये. पण मी आणि आई इथेच राहू. मला इथेच कॉलेजला जायचंय. माझ्या सगळ्या फ्रेंड्सना कुणी ना कुणी लहानपणापासून ओळखतं. मला पण एकदा कुणाबद्दल तरी म्हणायचंय, इसको मैं स्कूल के टाइम से जानती हूँ. बस."

सरांनी काकूंकडे बघितलं. काकू बाटलीचं झाकण लावत होत्या, ते लागून झाल्यावरही लावत राहिल्या. सरांच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या नाहीत. सर शाळेच्या भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे मिनिटभर पाठमोरे थांबले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी मुलीच्या हातातलं पॅड घेतलं.

"बरं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "इथून मानेसर किती लांब पडतं गं, मेट्रोने?"

"मेट्रोने गुरुग्रामपर्यंत सर, मग शेअर ऑटो. अडीच तास धरा. पण नोएडातून चढलात तर बसायला मिळतं."

"बसायला नको," सर म्हणाले. "चालायला जागा असली म्हणजे झालं."

राजीनामा त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिला. काही महिन्यांनी मीही नोकरी बदलून गुरुग्रामला लागले, त्यामुळे सकाळी कधीकधी येलो लाइनवर गाठ पडते. मी पुढच्या लेडीज डब्यात असते. दिल्लीच्या मेट्रोत सगळे डबे आतून जोडलेले असतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं. माणसांच्या खांद्यांमधून वाट काढत सर मागून येताना दिसतात, लेडीज डब्याच्या खुणेपाशी थांबतात, मला हात करतात आणि वळून पुन्हा मागे चालायला लागतात. संध्याकाळी ते तसेच नोएडाला परत जातात.